रक्तात टिकलं, केळीच्या रसात तुटलं: ॲप्टामर निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

यावल-रावेर पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये सलग ढगाळ दिवस आले की केळीवाले शेतकरी पोंग्याकडे, म्हणजे मधल्या न उलगडलेल्या पानाकडे, बघायला लागतात. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली, रोपं कोवळी असतात, मावा उडत असतो, आणि पानावर फिकट पिवळे पट्टे दिसले की एकच शब्द निघतो: हरण्या. पुस्तकातलं नाव कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे सीएमव्ही. पानं अरुंद होतात, पोंगा सडतो, झाड जागच्या जागी बसतं. त्यावर औषध नाही. रोगट रोप उपटून बागेबाहेर नष्ट करायचं, माव्याचा बंदोबस्त करायचा, आणि शेजारी काकडीवर्गीय पिकं, मिरची, टोमॅटो ठेवायचे नाहीत, एवढंच हातात असतं. हे सगळं लवकर झालं तरच उपयोग. त्यात जस्ताच्या कमतरतेनेही पानावर पट्टे येतात, त्यामुळे नुसतं डोळ्याने बघून रोप उपटायला शेतकऱ्याचा हात धजत नाही. एकेका रोपामागे टिश्यू कल्चरचे पैसे गेलेले असतात.

जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या छोट्या जैवतंत्रज्ञान प्रयोगशाळेत मी संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. या प्रकरणातला विद्यार्थी यावल तालुक्यातला, केळीच्या घरातला. पानांचे नमुने त्याच्या काकांच्या बागेतून यायचे. आम्ही आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूच्या आरएनएच्या प्रती काढून तो ओळखणारी चाचणी, करून उत्तर कळवायचो, त्यात आठवडा जायचा. एकदा काका स्वतः प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, "मॅडम, आम्हाले आजच सांगा. आठ दिवसांनी समजलं तं बाग गेलेली राहते."

बांधावर दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देणारी पट्टी बनवायची, हे तिथून ठरलं. प्रतिपिंडांवर चालणाऱ्या पट्ट्या जगात आहेत, पण त्या बाहेरून मागवाव्या लागतात आणि थंड जागी जपाव्या लागतात. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही. अशा ठिकाणी प्रथिनाचं बनलेलं प्रतिपिंड खराब होण्याची भीती असते. म्हणून आम्ही ॲप्टामरकडे वळलो.

ॲप्टामर म्हणजे विशिष्ट आकारात घडी घालून एखाद्या लक्ष्याला घट्ट धरणारा डीएनएचा किंवा आरएनएचा छोटा धागा. उष्णतेने त्याची घडी मोडली तरी थंड झाल्यावर ती पुन्हा बसू शकते. तो शोधण्याची पद्धत १९९० साली दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली. एका गटात क्रेग ट्यूर्क आणि लॅरी गोल्ड होते, दुसऱ्यात अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टॅक. पहिल्या गटाने तिला 'सेलेक्स' म्हटलं, 'ॲप्टामर' हा शब्द दुसऱ्या गटाचा. पद्धत ऐकायला सोपी आहे. दोन्ही टोकं ठरलेली आणि मधल्या ४० जागी कोणतंही अक्षर, म्हणजे बेस, असे असंख्य धागे घ्यायचे. १ नॅनोमोलमध्येच ते सुमारे सहा कोटी गुणिले एक कोटी भरतात. ते लक्ष्यावर सोडायचे, चिकटलेले ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे, ठेवलेल्यांच्या प्रती काढायच्या आणि पुन्हा तेच. आठ-दहा फेऱ्यांनंतर घट्ट धरणारे थोडेच प्रकार उरतात.

साध्या आरएनएवर आमच्या आठ फेऱ्या झाल्या. विषाणू तंबाखूच्या रोपांवर वाढवून शुद्ध केला होता. शेवटी हाती आलेला एक धागा बफरमध्ये, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, विषाणूला छान धरत होता. त्या संध्याकाळी आम्ही पेढे वाटले.

अडचण

दुसऱ्या दिवशी तोच धागा केळीच्या पानाच्या रसात टाकला. पाच मिनिटांनी काढलेला नमुना जेलवर चालवला (जेलमध्ये धागे लांबीप्रमाणे वेगळे होतात आणि एका लांबीच्या धाग्यांची एक पट्टी दिसते), तर त्या पट्टीच्या जागी नुसता धूसर ओघळ. तीस मिनिटांच्या नमुन्यात काहीच नव्हतं.

केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जात नाही, हे खान्देशात लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या रसात टॅनिन आणि पॉलिफेनॉल असतात, म्हणून अर्क काढताना आम्ही पीव्हीपी आणि सोडियम सल्फाइट घालत होतो. प्रथिनं वाचवण्याची तजवीज होती, आरएनए वाचवण्याची नव्हती. पान चुरडलं की पेशींच्या रसधानीत साठवलेली आरएनए तोडणारी एन्झाइम्स बाहेर येतात, आणि आमचा धागा त्यांच्या तोंडी पडत होता.

आरएनए इतकं नाजूक का, हे इथे सांगायला हवं, कारण पुढचे निर्णय त्यावरच उभे आहेत. आरएनएच्या साखरेवर २' या जागी एक हायड्रॉक्सिल गट असतो. तो शेजारच्याच फॉस्फेटवर हल्ला करून साखळी तोडू शकतो. आरएनए तोडणारं एन्झाइम, म्हणजे आरएनएज, बाहेरून कोयता आणत नाही, ते या घरातल्याच गटाला कामाला लावतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी वर्गात याच ठिकाणी वापरते. त्या जागी फ्लुओरिन किंवा मिथॉक्सी गट बसवला की दांडाच निघून जातो.

दुसरी अडचण लक्ष्याच्या स्वभावातली होती. सीएमव्हीचा कण सुमारे २९ नॅनोमीटरचा, एकाच आवरण-प्रथिनाच्या १८० प्रतींनी बनलेला. त्या प्रथिनाच्या एका टोकावर धनभारित अमिनो आम्लं दाटीने असतात, कारण त्याचं कामच विषाणूचा आरएनए धरून ठेवणं आहे. नुसतं आवरण-प्रथिन लक्ष्य म्हणून वापरलं तर कोणताही ऋणभारित धागा, म्हणजे कोणताही डीएनए-आरएनए, त्याला चिकटतो. आपण 'निवडला' म्हणतो तो धागा खरं तर फक्त विजेच्या ओढीने आलेला असतो. कण अख्खा असेल तर ते टोक आतल्या बाजूला राहतं. म्हणून आम्ही अख्खे कण वापरले आणि प्रत्येक फेरीत स्पर्धक म्हणून हेपॅरिन, म्हणजे तसाच ऋणभारित रेणू, घातलं. हा एक निर्णय पहिल्याच फटक्यात बरोबर निघाला आणि शेवटपर्यंत उपयोगी पडला.

समोरचे पर्याय

फळ्यावर पर्याय लिहिले तेव्हा आम्ही तिघे होतो: मी, विद्यार्थी आणि शेजारच्या विभागातले सेंद्रिय रसायनाचे एक सहकारी.

पहिला मार्ग म्हणजे हाती आलेला धागा तसाच ठेवून त्याची सुधारित आवृत्ती संश्लेषणाने करून घ्यायची. काम एका महिन्याचं. धोका असा की साखरेवरचा गट बदलला की घडीही बदलू शकते.

दुसरा मार्ग निवड नव्याने सुरू करण्याचा, पण पहिल्या फेरीपासून सुधारित आरएनए वापरून. ठरलेला रस्ता असा: आरएनएच्या चार अक्षरांपैकी सी आणि यू या पिरिमिडीनांवर २'-फ्लुओरो, ए आणि जी हे प्युरिन साधे. डीएनएवरून आरएनए बनवणारं नेहमीचं एन्झाइम, टी-७ आरएनए पॉलिमरेज, असे घटक नीट स्वीकारत नाही. १९९५ मध्ये रुई सूसा आणि रॉबर्ट पॅडिला यांनी दाखवलं की त्याच्या ६३९ क्रमांकाच्या टायरोसिन या अमिनो आम्लाच्या जागी फेनिलॲलॅनिन घातलं की ते २' जागेबाबत पूर्वीसारखं चोखंदळ राहत नाही. हे बदललेलं एन्झाइम आता विकत मिळतं. यातली सोय अशी की बदल फक्त आरएनएच्या प्रतीत असतो. उलट प्रत काढणारं एन्झाइम फ्लुओरिनवाला धागा वाचून साधा डीएनए बनवतं, त्यामुळे पीसीआर नेहमीचीच राहते. पिरिमिडीन आणि प्युरिन दोन्हींवर मिथॉक्सी हवं असेल तर गोष्ट बरीच अवघड होते, एन्झाइम्स अडखळतात.

तिसरा मार्ग साध्या डीएनएचा. डीएनएला २' हायड्रॉक्सिल नसतोच. चौथा डीएनएच्या यू-सदृश बेसवर पाचव्या जागी बेंझिल किंवा नॅफ्थिलसारखे तेलकट गट लावण्याचा. सोमालॉजिक या अमेरिकी कंपनीच्या गटाने २०१० मध्ये हा मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवला. त्याने धाग्याला प्रथिनासारखा पृष्ठभाग मिळतो आणि पकड सुधारते. आमच्यासारख्या प्रयोगशाळेला ते घटक वेळेवर मिळणं कठीण होतं.

फॉस्फोरोथायोएट, म्हणजे फॉस्फेटमधला एक ऑक्सिजन काढून गंधक घालणं, यावर फार वेळ घालवला नाही. त्याने धागा टिकतो, पण प्रथिनांना वाटेल तसा चिकटायला लागतो, आणि आमचं लक्ष्य आधीच चिकट. आरशातल्या प्रतिमेसारखे उलट हाताचे धागेही बाद झाले, कारण त्यासाठी आधी लक्ष्यच उलट हाताच्या अमिनो आम्लांनी बनवावं लागतं. एका छोट्या पेप्टाइडसाठी ते जमेल, अख्ख्या विषाणूसाठी नाही.

फळ्याच्या कोपऱ्यात सहकाऱ्यांनी आणखी एक ओळ लिहिली होती: "एन्झाइमच बंद करा. बफर बदला." मी ती वाचली आणि म्हणाले, ही मलमपट्टी झाली, धागाच मजबूत हवा. ओळ पुसली गेली.

ही पहिली निर्णयाची जागा, आणि इथे मी चुकले. माझ्या डोळ्यांसमोर औषधांची उदाहरणं होती. पेगॅप्टानिब हे ॲप्टामर-औषध डोळ्यांच्या विकारासाठी २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यात सगळ्या पिरिमिडीनांवर फ्लुओरो, आणि दोन ॲडेनोसिन सोडून सगळ्या प्युरिनांवर मिथॉक्सी आहे. २०२३ मध्ये तसंच दुसरं औषध मंजूर झालं. माणसाच्या शरीरात दिवसेंदिवस टिकणारा धागा ही त्यांची गरज होती. आमच्या पट्टीची गरज पंधरा मिनिटांची होती. 'किती वेळ टिकायला हवं?' हा प्रश्न त्या दिवशी फळ्यावर कुणीच लिहिला नाही.

पहिला प्रयत्न: नंतर केलेला बदल

आम्ही आधी पहिला मार्ग घेतला, कारण तो लवकर संपणारा होता. मूळ धागा ८० अक्षरांचा होता. इतका लांब धागा संश्लेषणाने करून घेणं महागात पडतं. दर पायरीला ९९ टक्के यश धरलं तरी ७९ पायऱ्यांनंतर पूर्ण लांबीचा माल ४५ टक्केच उरतो. म्हणून टोकं छाटत छाटत पकड टिकवणारा ३६ अक्षरांचा गाभा शोधला, त्यात उतारा सत्तर टक्क्यांपर्यंत जातो. मग त्याच्या सगळ्या पिरिमिडीनांवर फ्लुओरो लावून मागवला.

पकड जवळजवळ गेली होती.

विद्यार्थी दोन दिवस गप्प होता. मला वाटतं त्याला आपला प्रयोग चुकला असं वाटत होतं. प्रयोग बरोबरच होता. फ्लुओरिन हायड्रॉक्सिलसारखा हायड्रोजन बंध देऊ शकत नाही. आमच्या धाग्यातल्या एखाद्या यू-चा २' हायड्रॉक्सिलच घडीतला खिळा असेल, तर तो काढल्यावर घडी सुटणार. कोणता खिळा, हे शोधायला एकेक जागा बदलून डझनभर धागे मागवावे लागले असते. तेवढे पैसे प्रकल्पात नव्हते. आम्ही तिथेच थांबलो. या थांबण्याबद्दल मला आजही शंका वाटत नाही.

दुसरा प्रयत्न: फ्लुओरिन पहिल्या फेरीपासून

फ्लुओरिनवाले घटक कोरड्या बर्फात मागवले. पार्सल मे महिन्यात आलं, वाटेत दोन दिवस कुठल्याशा गोदामात पडून राहिलं, आणि उघडलं तेव्हा बर्फाचा मागमूस नव्हता. पाठवणाऱ्यांनी बदलून द्यायला नकार दिला. फेकण्याआधी विद्यार्थ्याने एक छोटी चाचणी लावली: ओळखीच्या डीएनएच्या साच्यावर त्याच घटकांनी आरएनए बनवून पाहिला. उतारा कमी होता, पण होता. आम्ही ते घटक फक्त सरावासाठी ठेवले आणि खऱ्या निवडीसाठी पावसाळ्यानंतर नवे मागवले. त्यात काही महिने गेले. कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरची, लागवडही तोवर उरकली होती.

बदललेलं पॉलिमरेज नेहमीच्या एन्झाइमइतका माल देत नाही. पहिल्या फेरीत हे फार महत्त्वाचं असतं, कारण तिथे जो धागा बनलाच नाही तो नंतर कधीच सापडणार नाही. म्हणून पहिल्या फेरीपुरतं आम्ही अभिक्रियेचं आकारमान वाढवलं, रात्रभर ठेवलं, मॅग्नेशियमसोबत थोडं मँगनीज घातलं, आणि साच्याची सुरुवात जी-जी-जी ठेवली. टी-७ ला सुरुवातीला जी लागतात, आणि जी आमच्याकडे साधेच होते.

विषाणूला चिकटलेले धागे वेगळे काढायला नायट्रोसेल्युलोजचा गाळणकागद वापरला. त्यात एक ठाऊक असलेला सापळा आहे: काही धागे विषाणूला नाही, कागदालाच चिकटतात आणि फेरीगणिक माजतात. म्हणून दर फेरीच्या आधी सगळा माल कोऱ्या कागदातून गाळून घेतला. सहाव्या फेरीत पीसीआरमध्ये अपेक्षेपेक्षा लांब पट्टी दिसली. चक्रं जास्त झाली की धागे एकमेकांवरच प्रती काढतात. जेलमधून योग्य लांबीचा तुकडा कापून पुढे गेलो आणि त्यानंतर दर फेरीला चक्रं मोजून, कमीत कमी ठेवली.

नवव्या फेरीनंतर अनुक्रम वाचले. मिळत्याजुळत्या अनुक्रमांची तीन घराणी दिसली. त्यातल्या एकातल्या धाग्याची पकड पहिल्या साध्या आरएनएइतकीच चांगली निघाली, आणि याचा अनुक्रम त्याच्याशी मुळीच जुळत नव्हता. मला हे दृश्य आवडलं. रसायन बदललं की उत्तरही बदलतं, हे वाचलेलं होतं, आता डोळ्यांनी दिसलं. हाही धागा ३६ अक्षरांपर्यंत छाटता आला.

जेलवर दिसलेली गोष्ट

मग तो केळीच्या रसात घातला. साधा आरएनए पाच मिनिटांत गेला होता, हा अर्धा तास दिसत राहिला, पण तुटत होताच. आमची अपेक्षा अशी होती की तो दिवसभर जागचा हलणार नाही. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यासाठी ठेवलेला गाईच्या वासराचा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, होता. त्यात तोच धागा ठेवून पाहिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळीही पट्टी शाबूत. सीरममध्ये टिकतो आणि पानाच्या रसात तुटतो, याचा अर्थ लागेना.

अर्थ लावला विद्यार्थ्याने. धाग्याच्या एका टोकाला चमकणारा रंग जोडून त्याने जेलवर तीन लेन, म्हणजे रांगा, शेजारी-शेजारी चालवल्या: न तुटलेला धागा, आम्लारीत तापवलेला धागा आणि रसात ठेवलेला धागा. आम्लारी आरएनएला फक्त जिथे २' हायड्रॉक्सिल आहे तिथेच तोडतं. आमच्या धाग्यात तो फक्त ए आणि जी वर उरला होता. म्हणजे आम्लारीच्या लेनमधली शिडी ही प्युरिनांची यादीच. आणि रसाच्या लेनमधल्या बहुतेक पट्ट्या त्या शिडीच्या पायऱ्यांना समोरासमोर लागत होत्या.

"मॅडम, हे जी आणि ए वर तुटतंय. फ्लुओरो नाही तिथेच."

इथे उलगडा झाला. प्राण्यांच्या रक्तातली आरएनएज ए च्या कुळातली एन्झाइम्स मुख्यतः पिरिमिडीनांपाशी तोडतात. म्हणून फक्त पिरिमिडीनांवर फ्लुओरो लावला की सीरममध्ये धागा टिकतो, आणि म्हणूनच औषधवाल्यांचा तो पहिला डाव असतो. वनस्पतींमध्ये मुख्य वावर टी-२ कुळातल्या आरएनएजचा. त्यांना चारही अक्षरं चालतात. आम्ही दोन दरवाजांना कुलूप लावलं होतं, ते उरलेल्या दोन दरवाजांनी आत येत होते.

त्याच जेलवर आणखी एक बारीक गोष्ट होती, जी मी आधी दुर्लक्षिली. काही पट्ट्या शिडीच्या पायरीवर नव्हत्या, किंचित वर, पायऱ्यांच्या मध्ये होत्या. सहकाऱ्यांनी विचारलं, तुटलेल्या टोकाला फॉस्फेट आहे का? आम्लारी आणि टी-२ दोन्ही तोडताना आपल्या चमकत्या तुकड्याच्या शेवटी फॉस्फेट सोडतात. ते नसेल तर तुकड्यावर ऋणभार कमी असतो, तो थोडा मागे रेंगाळतो. म्हणजे दुसरंही एन्झाइम होतं, वेगळ्या पद्धतीने तोडणारं, ज्याला २' हायड्रॉक्सिलची गरजच नाही. वनस्पतींमध्ये एस-१ सारखी न्यूक्लिएज असतात, ती आरएनए आणि डीएनए दोन्ही तोडतात आणि त्यांना काम करायला जस्त लागतं.

रसायन की बफर

पुसलेली ओळ आता परत फळ्यावर आली.

टी-२ कुळाची बरीच एन्झाइम्स आम्लधर्मी रसात जोरात चालतात, सामू वर नेला की मंदावतात. एस-१ सारख्यांचं जस्त काढून घेतलं की ती थांबतात. जस्त काढायला ईडीटीए आहे, पण ते मॅग्नेशियमही काढेल आणि आमच्या धाग्याच्या घडीला मॅग्नेशियम लागतं, ही भीती मला होती. सहकाऱ्यांनी कागदावर आकडे मांडले. ईडीटीएची जस्तावरची पकड मॅग्नेशियमच्या मानाने कोट्यवधी पटींनी घट्ट आहे. २ मिलिमोलर ईडीटीए आणि ५ मिलिमोलर मॅग्नेशियम घातलं, तर सुमारे ३ मिलिमोलर मॅग्नेशियम मोकळं उरतं आणि जस्त तरीही ईडीटीएकडेच जातं.

सामू ८.५ चा ट्रिस बफर, हे प्रमाण, जोडीला नेहमीचं पीव्हीपी आणि सल्फाइट. पायऱ्यांच्या मधल्या पट्ट्या गायब झाल्या. पायरीवरच्या पट्ट्या फिक्या झाल्या, पण पूर्ण गेल्या नाहीत. तुलनेसाठी उकळलेला रस वापरायचा मोह होता, तो आम्ही टाळला. काही आरएनएज उकळूनही थंड झाल्यावर पुन्हा घडी घालून कामाला लागतात, त्यामुळे उकळलेला रस म्हणजे एन्झाइमविरहित रस असं धरता येत नाही. आम्ही रसाऐवजी नुसत्या बफरशी तुलना केली.

उरलेल्या तुटीसाठी प्युरिनांवर मिथॉक्सी लावायचं ठरलं. या वेळी एकेक जागा न बदलता तीन-चार प्युरिनांचे गट करून बदलले. गट चालला तर ठेवला, पकड गेली तर गट फोडून त्यातली दोषी जागा शोधली. १७ पैकी १३ प्युरिन बदलता आले, ४ तसेच ठेवावे लागले. शेपटाला उलटा थायमिडिन लावला, म्हणजे टोकाकडून कुरतडणाऱ्या एन्झाइम्सना पकडायला टोकच मिळत नाही. हा धागा नव्या बफरमधल्या रसात रात्रभर टिकला.

आणि त्याच जेलवर, रिकामी लेन होती म्हणून, विद्यार्थ्याने एक साधा डीएनएचा धागा त्याच नव्या बफरमधल्या रसात ठेवून चालवला होता. तोही तासाभरानंतर जवळजवळ शाबूत होता.

मी ती लेन बराच वेळ बघत राहिले. पट्टीला पंधरा मिनिटं हवी होती. साधा, स्वस्त डीएनए योग्य बफरमध्ये त्याहून चौपट टिकत होता.

निष्पत्ती

सुधारित धागा वापरून पट्टी बनली. ठळक लक्षणं असलेल्या पानावर रेघ स्पष्ट येते, निरोगी पानावर येत नाही, जस्ताच्या कमतरतेच्या पानावरही येत नाही, आणि काकांच्या दृष्टीने हे शेवटचं सगळ्यात मोलाचं होतं. पण लागण नुकतीच झालेली असेल तर रेघ इतकी फिकी येते की दोन माणसं दोन उत्तरं देतात. अशा नमुन्यांसाठी आजही आरटी-पीसीआरच करतो. म्हणजे ज्या 'लवकर'साठी हे सुरू केलं, ते अर्धंच साधलं. शिवाय एका विषाणू-नमुन्यावर निवडलेला धागा चोपडा आणि रावेरच्या काही पानांवर चालला, इतकंच आम्ही पाहिलं आहे. विषाणूच्या सगळ्या वाणांना तो ओळखेल असं म्हणायला ते पुरेसं नाही.

सुधारित धाग्याचं खरं काम वेगळ्याच जागी निघालं. तो चुंबकीय मण्यांवर बसवून भरपूर रसात तास-दोन तास ठेवला, तर थोडे असलेले विषाणूकण गोळा करून आणतो, आणि मग आरटी-पीसीआरला केळीच्या चिकाचा अडथळा होत नाही. तिथे धागा तासन् तास टिकावा लागतो, मणी धुऊन पुन्हा वापरायचे असतात, तिथे हे सगळं रसायन सार्थकी लागतं.

आज पुन्हा सुरुवात केली तर

निवडीची एकही फेरी करण्याआधी चार धागे मागवले असते, कशालाही न चिकटणारे, स्वस्त: साधा आरएनए, फ्लुओरोवाला, फ्लुओरो-मिथॉक्सी मिश्र आणि साधा डीएनए. चारही केळीच्या रसात, दोन-तीन बफरांत, पाच मिनिटांपासून रात्रभरापर्यंत. हे एका आठवड्याचं काम आहे. त्याने आमचं जवळजवळ दीड वर्ष वाचलं असतं, कारण कोणतं रसायन कशासाठी हवं हे निवडीआधीच कळलं असतं. आम्ही सीरमचे आकडे वाचून पानाचा निर्णय घेतला.

निवडीच्या फेऱ्यांत बफरऐवजी रसच घातला असता, निदान तिसऱ्या फेरीपासून. मग जो धागा रसात घडी धरत नाही किंवा टॅनिनला चिकटतो, तो आपोआप गळाला असता. नंतर चाळण्यापेक्षा हे बरं.

फ्लुओरोचा मार्गच चुकीचा होता, असं मात्र मी म्हणणार नाही. तो चालला, आणि मण्यांच्या कामाला तोच लागला. पहिल्या फेरीपासून सुधारित घटक वापरणं हे नंतर बदल करण्यापेक्षा खूप भरवशाचं आहे, यावर आता माझा ठाम विश्वास आहे. आमचा पहिला धागा नंतर बदलायला गेलो तेव्हा मोडला, दुसरा बदलासकटच जन्मला होता म्हणून टिकला. फक्त पट्टीसाठी तो लागणार होता का, हे आधी तपासायला हवं होतं. फळ्याच्या कोपऱ्यातली ओळ मी पुसायला नको होती, हे मी सहकाऱ्यांना सांगितलं आहे.

सध्या विद्यार्थी साध्या डीएनएवर नवी निवड करतो आहे, पहिल्यापासून सामू ८.५ च्या बफरात, तिसऱ्या फेरीपासून काकांच्या बागेतल्या निरोगी पानांच्या रसात. मागच्या आठवड्यात चौथी फेरी झाली. पानं आणायला तो दर सोमवारी पहाटे यावलला जातो, उन्हं चढायच्या आत परत येतो, आणि आल्या आल्या ती बर्फात ठेवतो.